तीन सिलिंडर की चार? नाना ऐकायला तयार नाहीत

केळीवाला, यावल:
जुना ट्रॅक्टर बघतोय. नाना म्हणतात, "सिलिंडर कमी, तितका जोर जास्त." चुलतभाऊ चारवर अडलाय. दोघांचे कागद समोर आहेत: एक 3 सिलिंडर, 2734 सीसी, 40 एचपी. दुसरा 4 सिलिंडर, 2730 सीसी, 45 एचपी. सीसी तेवढंच, मग फरक कशाचा? काळ्या जमिनीत नांगर आणि रोटाव्हेटर, दोन्ही चालवायचे आहेत.

जुना फिटर, भुसावळ:
भो, जोर सिलिंडर मोजून येत नाही. आत हवा किती जाते आणि तिच्यात डिझेल किती जळतं, त्यावर येतो. ते पाच एचपी मुख्यतः आरपीएम (मिनिटाला फेरे) आणि डिझेल पंपाच्या सेटिंगचे.

तीनवाल्याचा एकेक सिलिंडर 911 सीसीचा, चारवाल्याचा 682. फोर-स्ट्रोकमध्ये प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. म्हणजे तीनवाल्यात दर 240 अंशांना जड ठोका, चारवाल्यात दर 180 ला हलका.

नाना असं का म्हणतात तेही सांगतो. त्यांच्या विहिरीवर लिस्टर पद्धतीचं इंजिन असणार. एकच सिलिंडर, 1.4 लिटर, 650 आरपीएमवर 6 एचपी. नंतरची 553 सीसीची इंजिनं 1500 वर 5 एचपी द्यायची. एचपी म्हणजे टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि आरपीएमचा गुणाकार, म्हणून जुन्याचा टॉर्क जवळपास पावणेतीन पट. पण त्याची ती दोन अवजड चाकं आठवतात का? दोन फेऱ्यांत ठोका एकच, मधला वेळ त्यांनीच निभवायचा. (शिकाऊ असताना हँडल उलटून माझं मनगट गेलं होतं. त्या इंजिनाशी तेव्हापासून अबोला.)

कपाशीवाला, पारोळा:
माझा तीनवाला आहे. नांगर अडला, आरपीएम पडला, तरी धकधक करत ओढतो. हातांना मात्र संध्याकाळपर्यंत झिणझिण्या. इंजिन खोललं तेव्हा एक पिस्टन, एक लाइनर, एक नोझल कमी लागलं, हे खरं.

केळीवाला, यावल:
मग घेऊ कोणता?

जुना फिटर, भुसावळ:
रोटाव्हेटरला पीटीओचे (अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टचे) मिनिटाला 540 फेरे लोडखाली टिकले पाहिजेत, तिथे 45 कामाला येतील. पण जुना घेतोस ना? सकाळी थंड इंजिन स्वतः सुरू कर. ऑइल भरायचं टोपण काढून धूर किती फेकतो ते बघ, जास्त असेल तर इंजिन आतून झिजलंय. मालकाने तू यायच्या आधीच गरम करून ठेवला असेल, तर चहा पी आणि परत ये.