मदत हवी आहे: जुन्या डिझायनरने ड्रॉइंग्ज नेली, कोर्टात जावं का?

नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. कास्टिंगची गळती तपासायची फिक्स्चर्स बनवतो. अकरा वर्षं आमच्याकडे असलेला डिझायनर मध्यंतरी सोडून गेला. नोटीस पिरियड भरला, पेढे वाटले, वडिलांच्या पाया पडला. आता सातपूरला भागीदारीत तेच काम करतोय.

धंदा काढला म्हणून तक्रार नाही. पण मागच्या आठवड्यात आमच्या जुन्या गिऱ्हाइकाच्या परचेसवाल्याने त्याचं कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. किंमत कमी, ते चालायचंच. सोबतचं ड्रॉइंग बघितलं आणि पोटात गोळा आला. टायटल ब्लॉकमधून आमचं नाव उडवलंय, पण डॉवेलचं (भाग जुळवायच्या पिनेचं) भोक ८.३ मिमी! हे माप कुणीही शहाणा माणूस टाकणार नाही. २०१९ ला पिना चुकीच्या मापाच्या आल्या होत्या, फेकवेनात म्हणून मी भोकच तेवढं केलं, आणि ड्रॉइंगमध्ये ते तसंच राहिलं. म्हणजे माझा चिक्कूपणासुद्धा कॉपी झालाय.

खरी मेख वेगळीच आहे. रबर सीलच्या खाचेचं माप आणि कुठल्या दाबाला सील किती दबतं याचा तक्ता, तो बसवायला सहा-सात वर्षं गेली. तोही त्याच फोल्डरमध्ये होता.

अशा केसेस करणाऱ्या मुंबईच्या एका लॉ फर्मकडे जाऊन आलो. वकीलबाईंनी विचारलं, गुपित नेमकं कोणतं? मी म्हटलं, सगळंच. त्या म्हणाल्या, दाव्यात 'सगळंच' लिहिता येत नाही. फोल्डरला पासवर्ड? नव्हता. करार? नेमणूकपत्रात दोन ओळी: माहिती बाहेर देऊ नये, दोन वर्षं स्पर्धकाचं काम करू नये.

नाशिकलाच दावा लावता येईल का? त्या दोन वर्षांच्या अटीवर त्याला थांबवता येईल?

काळाकोट: दोन वर्षं विसरा. करार कायद्याच्या कलम २७ पुढे नोकरी सुटल्यानंतरची अशी बंदी टिकत नाही. १९६७ च्या गोलिकरी खटल्यात सुप्रीम कोर्टाने बंदी कायम केली, पण तो माणूस पाच वर्षांचा करार अर्धवट टाकून गेला होता. तुमच्याने नोटीस भरलीय.

पहिली ओळ मात्र धरून ठेवा. व्यापारी गुपितांचा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. विधि आयोगाने मार्च २०२४ च्या २८९ व्या अहवालात मसुदा सुचवला, तेवढंच. त्यामुळे करार, विश्वासभंग आणि कॉपीराइट यांच्यावरच भागवायचं. उलट काही ठरलं नसेल तर नोकरीत काढलेल्या ड्रॉइंगचा कॉपीराइट मालकाचा, आणि तिथे तुमचं ८.३ कामाला येईल. उघडा फोल्डर गुपिताच्या मुद्द्यावर नडेल, कॉपीराइटला नाही. सीलचा तक्ता वेगळा मांडा आणि बंद पाकिटात द्यायची परवानगी मागा. नाहीतर दाव्याच्या प्रतीबरोबर तुम्हीच तो त्याच्या हातात द्याल!

नाशिकच्या जिल्हा न्यायालयात चालेल. तातडीचा मनाई हुकूम मागणार नसाल, तर व्यापारी न्यायालय कायद्याच्या कलम १२अ प्रमाणे आधी मध्यस्थी. आणि महिनोन्महिने बसून मग तातडी म्हणालात तर कोण ऐकणार? कोर्ट कमिशनर (कोर्टातर्फे जागेवर जाऊन पुरावा नोंदवणारा माणूस) नेमायचा अर्जही पहिल्याच दिवशी द्या, त्याला कुणकुण लागायच्या आत. त्याचा जुना लॅपटॉप कुठाय?

धागाकर्ता: नव्या मुलाला दिलाय.

काळाकोट: अरे देवा. आत्ता काढून घ्या. 'बघू तरी काय आहे' म्हणून उघडायचा नाही. पाकिटात सील करा, तारीख आणि सह्या घ्या, प्रत तज्ज्ञच काढेल. पुढे इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

गोदाकाठ: भाऊ, परचेसवाल्याला विचारलंत का? साक्षीला ओढलंत तर गिऱ्हाईकही जाईल.

धागाकर्ता: लॅपटॉप कपाटात ठेवला. मुलाने वॉलपेपरवर खंडोबा लावलाय, बाकी काही छेडलं नाही म्हणतोय. परचेसवाल्याशी आत्ताच बोललो. "माझं नाव आलं तर नोकरी जाईल," एवढंच म्हणाला. काळाकोट साहेब, त्याला मध्ये न आणता ते ड्रॉइंग कोर्टापुढे ठेवता येईल का?