कीवर्ड टॅगपेक्षा सामान्यरूपाकडे बघा
दुकानाच्या वेबसाइटची पानं गूगल शोधात वर यावीत म्हणून काय करावं, या प्रश्नावर वरच्या प्रतिसादात दोन सल्ले आहेत: कीवर्डच्या मेटा टॅगमध्ये (पानाच्या कोडमधली, वाचकाला न दिसणारी नोंद) वीस-पंचवीस शब्द भरा आणि शीर्षक साठ अक्षरांत बसवा. पहिल्यावर मेहनत वाया जाईल. वेब शोधाच्या क्रमवारीत हा टॅग बघत नाही, हे गूगलने 2009 मध्येच जाहीर केलंय. साठ अक्षरांचा सल्ला ढोबळमानाने ठीक. पण निकालात शीर्षक कापलं जातं ते रुंदीवर, अक्षरसंख्येवर नाही. म्हणून कामाचा शब्द आधी, दुकानाचं नाव शेवटी.

मराठीतली खरी गोची मात्र इथे कुणी सांगितली नाही: सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचं बदलणारं रूप. शीर्षक 'साताऱ्यातील ॲल्युमिनियम खिडक्या' आणि लोक टाइप करतात 'ॲल्युमिनियम खिडकी सातारा'. 'साताऱ्यातील'मध्ये 'सातारा' अक्षरशः नाहीच! त्यापेक्षा 'ॲल्युमिनियम खिडक्या-दरवाजे, सातारा' ठेवा. विभक्तीची रूपं मजकुरात आपसूक येतात. दुसरं, 'ॲ' दोन तऱ्हांनी टाइप होतो: युनिकोड (संगणकातली अक्षरांची क्रमांकयादी) 0972 हे एकच अक्षर, किंवा 'अ'वर वेगळा चंद्र. तीच गत 'ऱ्या'ची: कुणी 'ऱ' वापरतं, कुणी 'र', हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारी अदृश्य खूण). दिसायला सारखंच, आतून वेगळं. गूगल सांभाळून घेईलही, पण साइटवरचा अक्षर-न्-अक्षर जुळवणारा शोध रिकामा परततो. सगळ्या पानांवर एकच पद्धत ठेवा, जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधून रूपांतरित केलेला मजकूर तर आधी तपासा.

शब्द अंदाजाने निवडू नका. सर्च कन्सोल (साइटमालकांसाठीचं गूगलचं साधन) मधल्या परफॉर्मन्स अहवालात एकेक पान निवडून क्वेरीज, म्हणजे लोकांनी टाइप केलेले शोधशब्द बघा, 16 महिन्यांपर्यंतच्या मिळतात. इम्प्रेशन्स (पान निकालात किती वेळा दिसलं) भरपूर आणि क्लिक नगण्य असतील, तर आधी त्या पानाचं शीर्षक बदलून बघा.