मदत हवी आहे: पौल आणि याकोब एकाच पाठात कसे शिकवावेत?
सर्वांना ख्रिस्तात सलाम. कॅथलिक-प्रॉटेस्टंट मिश्र युवक वर्गासाठी तारणावर, म्हणजे पापातून सुटका कशी होते यावर, पाठ बसवायचा आहे. अडचण अशी की बायबलच्या नव्या करारातील पौल आणि याकोब यांची पत्रे इथे परस्परविरोधी वाटतात. पौलाचे रोम ३:२८ म्हणते, माणूस कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान (देवापुढे निर्दोष) ठरतो. याकोब २:२४ म्हणते, केवळ विश्वासाने नव्हे. आणि दोघेही दाखला देतात तो अब्राहामाचाच! उत्पत्तीतला क्रम लावला की बरीचशी गाठ सुटते: विश्वास अध्याय १५, सुंता १७, मुलगा इसहाक याचे अर्पण २२. पौल सुंतेआधीच्या विश्वासावर भर देतो, याकोब तो विश्वास पुढे अर्पणाच्या कृतीत कसा दिसला त्यावर.

तरी मुले दोन टोकांना जातात. काहींना तारण म्हणजे पापपुण्याचा हिशोब वाटतो, मग क्रूस कशाला? काहींना नुसते मानणे पुरते; तेवढे तर भुतेही मानतात (याकोब २:१९).

सुरुवात इफिस २:८-१० ने करावी की गलती ५:६ ने? नीतिमान ठरण्याच्या याच प्रश्नावरचा १९९९ चा लुथरन-कॅथलिक संयुक्त जाहीरनामा या वयाला झेपेल का? शिकवणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहा.