रोलबॅकने सगळंच मागे येत नाही
डेटाबेस वापरणारी प्रत्येक टेस्ट ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्र लागू किंवा रद्द होणाऱ्या बदलांच्या गटात) चालवून शेवटी रोलबॅक केलं, म्हणजे ते बदल रद्द केले, की झालं, असं सुचवलं जातं. बहुतेक वेळा खरंय, आणि वेगही मिळतो. पण पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये सिक्वेन्स (नव्या नोंदींना पुढचा आयडी देणारा काउंटर) मागे येत नाही. पहिल्या ग्राहकाचा आयडी १ असणार, असं आमच्या एका टेस्टमध्ये कुणीतरी (बहुधा मीच) गृहीत धरलं होतं. एकटी चालवली की पास, सगळ्यांबरोबर चालवली की नापास! मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये तर टेस्टच्या मध्येच ट्रंकेट (टेबल रिकामं करणं) किंवा ऑल्टर टेबल (टेबलची रचना बदलणं) आलं की ट्रान्झॅक्शन तिथेच गुपचूप कमिट होतं, म्हणजे बदल कायमचे होतात, मग रोलबॅक करायला काही उरत नाही.

जिथे कोड स्वतःच कमिट करतो, अशा टेस्टसाठी मी पोस्टग्रेसचं टेम्प्लेट वापरतो. मायग्रेशन (टेबलांची रचना घडवणाऱ्या स्क्रिप्ट) एकदाच चालवून आणि मूळ डेटा भरून एक डेटाबेस तयार ठेवायचा आणि नवा बनवताना क्रिएट डेटाबेस या कमांडला तोच टेम्प्लेट म्हणून द्यायचा. सिक्वेन्ससकट जशीच्या तशी नक्कल मिळते, मायग्रेशन पुन्हा चालवावी लागत नाहीत. फक्त त्या वेळी मूळ डेटाबेसला दुसरं कुणी जोडलेलं नको, नाहीतर एरर येतो. मला एकदा उघडी विसरलेली क्वेरीची खिडकीच नडली होती.