उबुंटू २२.०४ वरून डेबियन १३ वर जावं का?

प्रश्न

नमस्कार. माझा लॅपटॉप जुना आहे. ४ जीबी रॅम, आत चकती फिरणारी जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क आणि उबुंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली (विंडोजसारखीच, पण मोफत). आईच्या हस्तलिखित वह्या मी त्यावर लिबरऑफिसमध्ये (वर्डसारखा मोफत प्रोग्राम) इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड मांडणीने टाइप करतेय. सहाशे पानं झाली, तीन वह्या बाकी आहेत.

मशीन फार रेंगाळतं. फायरफॉक्सवर क्लिक करून मी वही उघडते, कालची ओळ शोधते, तरी तो उघडलेला नसतो. शिवाय २२.०४ च्या नेहमीच्या अपडेटची पाच वर्षांची मुदत एप्रिल २०२७ मध्ये संपते, म्हणजे हलावं लागणारच. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सची दर सहा महिन्यांना नवी आवृत्ती येते आणि साधारण तेरा महिन्यांत जुनीचे अपडेट बंद होतात. तो वेग मला झेपणार नाही. डेबियन (हेही लिनक्सच) एकदा बसवलं की बरीच वर्षं हात लावावा लागत नाही, म्हणून ते मनात आहे.

भीती कीबोर्डची. बोटांना इनस्क्रिप्ट बसलंय, ते बिघडलं तर कामच थांबेल. कोणी असा बदल केलाय का?

उत्तर १

ताई, मी केलाय. आयबस आणि आयबस-एम१७एन ही वेगवेगळ्या भाषांत टाइप करण्याची दोन पॅकेजं टाकली की मराठी इनस्क्रिप्ट मिळतं. ग्नोम या डेस्कटॉपमध्ये ते सेटिंग्जमधून जोडता येतं. एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपमध्ये आधी आयएम-कॉन्फिग हा प्रोग्राम चालवून आयबस निवडा, मग लॉगआउट करून परत या.

पण तुमचं वर्णन वाचून मला डिस्कचाच संशय येतो. त्याच डिस्कवर डेबियन टाकलंत तरी फायरफॉक्स तितकाच वेळ खाईल. आधी एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा आणि डेबियन तिच्यावर टाका. जुनी डिस्क न पुसता बाजूला ठेवा. नवं नाही रुचलं तर स्क्रू काढून जुनी परत लावायची, तुमचं उबुंटू होतं तसं सुरू होईल. असा परतीचा रस्ता एकाच डिस्कचे भाग पाडून (विभाजन करून) मिळत नाही. सहाशे पानांची एक प्रत मात्र पेनड्राइव्हवर आजच घ्या, डिस्क जुनी आहे.

उत्तर २

वरच्या सल्ल्याशी सहमत. ४ जीबीवर ग्नोमपेक्षा एक्सएफसीई घ्या. दोन ठिकाणी मी स्वतः अडकलो होतो, ती सांगतो.

इन्स्टॉलर रूटचा (सर्वाधिकार असलेल्या खात्याचा) पासवर्ड विचारतो. तो रिकामा सोडा, म्हणजे तुमच्या खात्याला सुडो मिळतं, म्हणजे गरजेपुरते ते अधिकार वापरायची आज्ञा. तिथे पासवर्ड दिलात तर पुढे सुडो चालत नाही आणि माणूस गोंधळतो.

दुसरं फायरफॉक्सचं. उबुंटू २२.०४ मध्ये तो स्नॅप या वेगळ्या प्रकारच्या पॅकेजात येतो, त्यामुळे त्याचं प्रोफाइल (बुकमार्क, पासवर्ड, सेटिंग्ज) होममधल्या, म्हणजे तुमच्या फायलींच्या जागेतल्या, स्नॅप फोल्डरात असतं. डेबियनमध्ये फायरफॉक्स ईएसआर असतो, म्हणजे जास्त काळ अपडेट मिळणारा पण जुन्या क्रमांकाचा. नव्या आवृत्तीचं प्रोफाइल तो उघडायला नकार देतो. म्हणून प्रोफाइल उचलून नेऊ नका. बुकमार्क एचटीएमएल फाइलमध्ये आणि पासवर्ड सीएसव्ही या साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये काढून घ्या. सीएसव्हीत पासवर्ड उघडे दिसतात, काम झालं की ती लगेच पुसा.

उत्तर ३ (प्रश्नकर्ती)

दोघांचेही मनापासून आभार. डिस्कचा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

काल डेबियन १३ ची एक्सएफसीई लाइव्ह प्रतिमा (न बसवता पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहायची) पेनड्राइव्हवर घेतली. त्यातच आयबस-एम१७एन टाकलं (बंद केल्यावर ते पुसलं जातं, पण चाचणीला पुरतं) आणि आईच्या वहीतला एक उतारा टाइप केला. मुद्दाम ‘दऱ्या’, ‘ऱ्हास’, ‘सुऱ्या’ असलेला शोधला होता. शिफ्ट-जेने ऱ, मग हलन्त, मग य. बोटं नेहमीच्या जागी गेली आणि अक्षरं बरोबर उमटली. मला खरंच भरून आलं. वायफायही पहिल्याच फटक्यात लागलं.

नंतर कालपर्यंतची फाइल लिबरऑफिसमध्ये उघडली. फॉन्ट बदलल्यामुळे पानं सहाशे बाराची सहाशे एकोणतीस झाली, मजकूर मात्र जसाच्या तसा. मी वापरते तो फॉन्ट नव्या मशीनवर आधी टाकेन.

मग ठरलं, डेबियनच. एसएसडी रविवारी बसवते. जुनी डिस्क पुठ्ठ्यात गुंडाळून वह्यांच्याच पेटीत ठेवणार आहे. एक विचारायचं राहिलं: होमचं वेगळं विभाजन करू, की सगळं एकातच ठेवू?

उत्तर २

एकातच ठेवा. प्रत पेनड्राइव्हवर आहे ना? मग वेगळ्या विभाजनाची गरज नाही.