टर्मिनल टूलचं रेफरन्स डॉक्युमेंटेशन: एकच पान की तुकडे? सल्ला हवा

वाळवा_कोडर:
नमस्कार मंडळी. ऑफिसात सीएसव्ही फायली साफ करायला मी एक कमांड-लाइन टूल लिहिलंय. ३८ सबकमांड (टूलच्या आतल्या वेगवेगळ्या कामांच्या कमांड) झाल्यात आणि सगळी माहिती एकाच रीडमीत (टूलसोबतच्या माहितीच्या फाइलीत) कोंबलीय, १,९०० ओळी. वापरणारे अकाउंट्सचे सहाजण, त्यांच्या मशिनवर इंटरनेट नाही. माझ्याकडे दोन शनिवार आहेत, पैसे शून्य. मांडणी कशी करू?

निळा_कर्सर:
डोळे झाकून एमकेडॉक्स, साध्या मजकुराच्या फायलींतून डॉक्युमेंटेशनची वेबसाइट बनवणारं टूल. आम्ही तेच केलं, सर्च एक नंबर चालतो. छोटा सर्व्हर घ्या, स्वतःचं डोमेन घ्या. आमची साइट बघून साहेबसुद्धा खूश झाले.

वाळवा_कोडर:
इंटरनेट नाही हो तिकडे. आणि पैसेही नाहीत.

जुना_युनिक्सवाला:
मॅन पेज लिही, म्हणजे टर्मिनलमध्येच वाचायचं मॅन्युअलचं पान. नाव, सिनॉप्सिस (कमांड कशी लिहायची), वर्णन, पर्याय, एक्झिट स्टेटस (काम झालं की फसलं ते सांगणारा आकडा), उदाहरणं, 'हेही पाहा'. १९७१ च्या युनिक्स मॅन्युअलपासून मॅन पेज आहेत, उगाच नवीन शोधू नकोस. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटसारखं प्रत्येक सबकमांडला वेगळं पान दे. कमांड मॅन्युअलच्या विभाग १ मध्ये, फाइल फॉरमॅट ५ मध्ये.

हडपसरकर:
ऑकची (मजकूर ओळीओळीने हाताळणारी टर्मिनलची भाषा) उदाहरणं देणार असाल तर कुठलं ऑक ते लिहा. उबुंटू लिनक्सवर मूळचं एमऑक असतं, आणि मजकूर बदलणारं जेनसब फंक्शन जीऑक या दुसऱ्या ऑकचं, ते तिथे चालत नाही. मी उदाहरण जसंच्या तसं चिकटवलं आणि अर्धी दुपार घालवली.

जुना_युनिक्सवाला:
मॅकवर तिसरंच ऑक असतं. म्हणून तर म्हणतो, मॅन पेज वाचा.

टर्मिनल_ताई:
मूळ प्रश्नाकडे येऊ या. अक्षरक्रम त्याच्या कामाचा, ज्याला कमांडचं नाव माहीत आहे. अकाउंट्सच्या माणसाच्या डोक्यात 'वरची तारीख खालच्या रिकाम्या ओळींत भरायचीय' एवढंच असतं, 'फिल-डाउन' नसतं. म्हणून सुरुवातीला कामांची यादी द्या, त्यांच्याच शब्दांत, आणि आत अक्षरक्रम ठेवा. बारकावे उदाहरणात दाखवा. मिलर या सीएसव्ही हाताळणाऱ्या टूलचा फिल-डाउन मुळात कॉलमच नसेल तर भरतो, कॉलम रिकामा असेल तर वेगळा पर्याय द्यावा लागतो. मी तो न देता चालवला, एकही ओळ भरली नाही आणि एररही आली नाही. आणखी एक, आउटपुट हाताने टाइप करू नका. मिलरच्या डॉक्युमेंटेशनमध्ये उदाहरणातल्या कमांड खरोखर चालवून निकाल पानात येतो, तसंच करा.

निळा_कर्सर:
हे सगळं एमकेडॉक्समध्ये होतं.

बारामती_डेटा:
चुकांचा विभाग विसरू नका. एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' सेव्ह केलं की फाइलच्या तोंडाशी ३ अदृश्य बाइट येतात. पहिला कॉलम 'बिल_क्र' डोळ्यांना नीट दिसतो आणि टूल म्हणतं असा कॉलमच नाही. एररचा मजकूर जसाच्या तसा शीर्षक म्हणून ठेवा. माणूस तोच कॉपी करून शोधतो.

हडपसरकर:
उदाहरणं चालवूनच टाका, ताई म्हणतात ते बरोबर आहे.

वाळवा_कोडर:
सगळ्यांचे आभार. ठरलं: मॅन पेज नाही, साइट नाही, तुकडेही नाहीत. एकच लांब एचटीएमएल पान, जेक्यू या जेसन डेटाच्या टूलच्या मॅन्युअलसारखं. सहाहीजणांना कंट्रोल-एफ येतं, पेन ड्राइव्हवर एकच फाइल न्यायची. वर मराठीत कामांची यादी, शेवटी एररची शीर्षकं.

जुना_युनिक्सवाला:
पटलं नाही. निदान टूलच्या आतल्या हेल्पचा मजकूर आणि हे पान एकाच फाइलमधून काढ, नाहीतर दोन महिन्यांत दोन्हीकडे वेगवेगळं लिहिलेलं सापडेल.

वाळवा_कोडर:
आत्ताच तपासलं, ४ सबकमांडच्या बाबतीत तसं झालेलंच आहे. पहिला शनिवार त्यालाच.