'डिस्क्लोजर'ला मराठीत काय म्हणायचं?

एका भागधारकांच्या गटाला कोर्टाचा आदेश मराठीत करून देतेय. प्रवर्तकांनी खोटा ताळेबंद दाखवून शेअर गळ्यात मारले असा आरोप आहे, आणि कोर्टाने त्या व्यवहाराच्या डॉक्युमेंट्सचं डिस्क्लोजर करायला सांगितलंय. मी लिहिलं, 'कागदपत्रे उघड करावीत'. तर त्यातल्या एका काकांचा लगेच फोन, "म्हणजे आता पेपरात छापून येणार का?" त्यांची चूक नाही, शब्दच तसा आहे. तर उघडच्या जागी काय लिहू?

—

प्रकटीकरण. कायद्याच्या भाषेत रुळलेला शब्द आहे, नवा शोधायची गरज नाही.

—

रुळलाय तो वकिलांच्यात हो. काकांना 'प्रकटीकरण' म्हटलंत तर तोच फोन परत येईल, कारण प्रकट म्हणजे पण सगळ्यांसमोरच. त्यापेक्षा सरळ 'सादर करावीत' लिहा.

—

'सादर' अजिबात नको. मी अशा दाव्यांत कारकुनी केलीय. सादर आपण तेच करतो जे आपल्या फायद्याचं असतं, आणि इथे तर सगळा मुद्दा उलटा आहे. 2015 च्या व्यावसायिक न्यायालयांच्या कायद्याने व्यावसायिक दाव्यांपुरता दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 11 (म्हणजे कागद दाखवण्याच्या नियमांचा भाग) बदलला, त्यात स्पष्ट आहे की कागद आपल्या बाजूचा असो की विरुद्ध, दाखवायचाच. फसवणुकीच्या दाव्यात जीव असतो तो त्या विरुद्धच्या कागदातच, संचालकांचे आपसातले ईमेल, ताळेबंदाचा पहिला मसुदा वगैरे, आणि ते कोणी आपणहून 'सादर' करेल का? शिवाय हे सगळं समोरच्या पक्षाला दाखवायचं, गावाला नाही. माझं मत, 'प्रतिपक्षाला दाखवावीत'. लांब आहे पण खरं आहे.

—

तुमच्या कोर्टाच्या आदेशात, कागद कोणाकडे आहेत हे सांगताना, पॉवर, पझेशन, कंट्रोल ऑर कस्टडी अशी चौकडी असेल बघा, ती कशी केलीत? माझं दरवेळी तिथेच अडतं, पझेशनही ताबा आणि कस्टडीही ताबा.

—

अखत्यार, कब्जा, नियंत्रण, हवाला! हवाला म्हणजे मुळात सोपवलेली वस्तू सांभाळणं, हवालदार त्यातूनच आला. माझे आजोबा 'दप्तर अमक्याच्या हवाल्यात आहे' असंच म्हणायचे.

—

आजोबांचं बरोबर, पण फसवणुकीच्या केसमध्ये 'हवाला' लिहिलंत तर वाचणारा पैशाचा हवालाच समजणार, आणि नसलेला आरोप भाषांतरातून चिकटेल. 'सांभाळ' का नको?

—

अखत्यार, कब्जा, हवाला, सगळे फारसी-अरबीच. शिवरायांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याचसाठी ना? अधिकार, स्वामित्व, नियंत्रण, अभिरक्षा असे स्वच्छ शब्द आहेत की.

—

स्वामित्व म्हणजे मालकी, पझेशन नव्हे! भाड्याच्या घरात राहणाऱ्याचा कब्जा असतो, मालकी नसते. शुद्ध शब्दाच्या नादात कायदाच बदलला तुम्ही. आणि 'कागद' हा शब्दसुद्धा फारसीच आहे, तो काढून काय ठेवणार? इंग्लंडच्या कोर्टांनी 1999 मध्ये आपलीच जुनी भाषा सोपी केली, डिस्कव्हरीचं डिस्क्लोजर केलं, प्लेंटिफचा क्लेमंट केला, कारण लोकांना कळेना. त्यांना लाज वाटली नाही, मग आपल्यालाच का वाटावी?

—

कब्जा-मालकी मान्य, तिथे मी चुकलो. बाकीचं अजिबात मान्य नाही. सोपं म्हणजे परकंच असं कोणी सांगितलं?

—

डिस्कव्हरीवरून आठवलं, ते 'शोध' असं करू नका कोणी, मी केलं होतं. पक्षकाराला वाटलं घराची झडती घेणार, आणि रात्रभर झोपला नाही बिचारा.

—

मूळ प्रश्न माझा होता :) 'प्रतिपक्षाला दाखवावीत' जवळचं वाटतंय, पण पुढच्याच परिच्छेदात इन्स्पेक्शन आहे, दाखवणं खरं तर तिथे येतं. डिस्क्लोजर म्हणजे आधी यादी देऊन हे हे कागद आमच्याकडे आहेत असं शपथेवर सांगणं. मग 'दाखवावीत' दोनदा येणार का?

—

मग 'असल्याचे कळवावे'? जाता जाता, तुम्ही वर 'फसवणूक' लिहिलंय की 'कपट'? करार कायद्यातल्या फ्रॉडला कपट म्हणतात, आणि जुन्या दंड संहितेच्या मराठीत चीटिंगला ठकवणूक होतं.

—

ठकवणूक! किती वर्षांनी ऐकला हा शब्द. आमच्याकडे 'ठकवलं' म्हणजे नुसतं चकवलं, त्यात गुन्हा नसायचा.

—

आमच्याकडे असायचा.